वादग्रस्त वारसास्थळांचा अर्थ लावताना एआयचा कल कोठे दडलेला असतो

तुमच्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. जिल्ह्यातील काही ऐतिहासिक स्थळांसाठी माहितीफलक आणि ऑडिओ गाइडचा मजकूर तयार करण्याचे काम तुमच्याकडे आले आहे आणि पहिला मसुदा जनरेटिव्ह एआयकडून, म्हणजे सांगितल्यावर स्वतः मजकूर किंवा चित्र तयार करणाऱ्या यंत्राकडून, करून घ्यावा, असा वरिष्ठांचा आग्रह आहे. ज्या स्थळांच्या अर्थावरून समाजात वाद आहेत, त्यांच्याबाबतीत हे यंत्र कोणत्या राजकीय बाजूला झुकते आणि असा मजकूर वापरला तर फलकावर तसा उल्लेख करावा का, असे तुम्ही विचारले आहे.

वारसास्थळांवरील मजकूर लिहिणे आणि इतरांनी लिहिलेला तपासणे हे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे, आणि अलीकडे माझ्यापुढे येणाऱ्या मसुद्यांपैकी बरेचसे एआयकडून लिहून घेतलेले असतात. त्या अनुभवावरून सांगतो की कल निश्चितपणे असतो. मात्र तो डावा की उजवा, या पक्षाचा की त्या पक्षाचा, अशा रीतीने शोधायला गेलात तर तो हाती लागणार नाही. तो पुराव्यांची प्रतवारी पुसून टाकण्यात असतो. शिलालेख, लष्करी अहवाल, उत्खननाचा निष्कर्ष, न्यायालयाचे मत, पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली आठवण आणि गेल्या काही वर्षांतील बातमी, या सर्वांना हे यंत्र एकाच सुरात आणि एकाच खात्रीने बोलायला लावते. मग ज्या थराविषयी इंटरनेटवर सर्वाधिक मजकूर आहे तो थर बाकीच्यांना झाकून टाकतो. राजकारण त्या वाटेने आत येते, आणि सगळी वाक्ये सभ्य व संतुलित दिसत असल्यामुळे ते लक्षातही येत नाही.

आपल्याकडचे सर्वांत बोलके उदाहरण कोरेगाव भीमा येथील जयस्तंभाचे आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

1 जानेवारी 1818 रोजी तेथे लढाई झाली. कॅप्टन स्टाँटन याच्या हाताखालील ईस्ट इंडिया कंपनीची तुकडी पुण्याच्या मदतीसाठी शिरूरहून रात्रभर चालत निघाली होती. तीत बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे सुमारे 500 शिपाई, काही स्वार आणि मद्रास तोफखान्याचे थोडे गोलंदाज व दोन तोफा होत्या. एकूण संख्या 834 सांगितली जाते. भीमेच्या काठी तिची दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेशी गाठ पडली. त्या फौजेचा 28,000 हा जो आकडा सर्वत्र दिला जातो तो इंग्रज बाजूचा अंदाज आहे, आणि तो आसपास असलेल्या संपूर्ण सैन्याचा आहे. गावात शिरून प्रत्यक्ष हल्ला करणारे अरब, गोसावी आणि इतर पायदळ त्याच्या एका लहान अंशाइतकेच होते. दिवसभराच्या लढाईत कंपनीच्या तुकडीतील 275 जण ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. रात्री पेशव्यांचे सैन्य निघून गेले आणि नंतर स्टाँटनही पुण्याला न जाता शिरूरला परतला. 1821 मध्ये कंपनीने तेथे स्तंभाची पायाभरणी केली. स्तंभावरील लेख इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत आहे आणि त्यात पूर्वेकडील ब्रिटिश सैन्याच्या अत्यंत अभिमानास्पद विजयांपैकी हा एक असल्याचे म्हटले आहे. त्यावर कोरलेल्या 49 नावांपैकी 22 नावे, नावाअखेरच्या ‘नाक’वरून, महार सैनिकांची मानली जातात, उरलेल्यांत इतर अनेक समाजांतील सैनिक आहेत.

हा झाला पहिला थर. दुसरा थर त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी तयार झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली, तेव्हा ती पुन्हा सुरू करावी या मागणीसाठी त्या समाजाच्या नेत्यांनी पूर्वजांच्या लष्करी सेवेचा दाखला दिला. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्तंभाजवळ आले. पुढे 1941 मध्ये उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या चिन्हावर सुरुवातीला हाच स्तंभ होता. दरवर्षी 1 जानेवारीला लाखो लोक तेथे अभिवादनासाठी येतात, ते या दुसऱ्या थराच्या नात्याने येतात. साम्राज्याने स्वतःच्या गौरवासाठी उभारलेली वस्तू ज्यांची नावे तिच्यावर कोरली गेली त्यांच्या वंशजांनी आपली मानली आणि तिला स्वाभिमानाचा अर्थ दिला, ही स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगी आणि अत्यंत महत्त्वाची ऐतिहासिक घटना आहे. तिसरा थर 1 जानेवारी 2018 च्या हिंसाचाराचा, त्यानंतरच्या बंदचा, खटल्यांचा आणि चौकशी आयोगाचा आहे.

आता एआयला या स्तंभाबद्दल चार वाक्ये लिहायला सांगा. माझ्यासमोर आलेल्या मसुद्यांत ठरावीक गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. 500 महार सैनिकांनी 28,000 पेशवे सैन्याचा पराभव केला, असे वाक्य कधी येते. त्यात तुकडीतील इतर सर्व सैनिक गायब होतात, शत्रूचा आकडा सर्वांत मोठा घेतला जातो आणि दोन्ही बाजूंनी मैदान सोडले ही गोष्ट उरत नाही. प्रश्नाचा सूर थोडा बदलला तर त्याच यंत्राकडून याच्या उलट वाक्य येते: लढाई अनिर्णित होती, महार सैनिकांचा वाटा किरकोळ होता आणि जातीचा अर्थ नंतर चिकटवला गेला. यात स्तंभावरील नावे बाजूला पडतात आणि आंबेडकरांच्या भेटीपासून सुरू झालेल्या शतकभराच्या परंपरेचा ‘चिकटवलेला अर्थ’ या दोन शब्दांत अवमान होतो. दोन्ही वाक्ये राजकीय आहेत. माझ्या मते दोन्हींचा दोष एकच आहे: 1818 चा पुरावा आणि 1927 नंतरची स्मृती या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात उभ्या केल्या आहेत, जणू एक खरी मानली तर दुसरी खोटी ठरलीच पाहिजे. प्रत्यक्षात दोन्ही खऱ्या आहेत, फक्त त्या वेगवेगळ्या काळाबद्दल आणि वेगवेगळ्या प्रकारच्या पुराव्यांवर बोलतात.

असे का होते, याची कारणे यंत्राच्या घडणीत आहेत. भाषा-मॉडेल, म्हणजे अशा यंत्राचा मजकूर लिहिणारा गाभा, ज्या मजकुरावर घडते तो बहुतांशी इंटरनेटवरून घेतलेला असतो; वेबवरून मोठ्या प्रमाणावर गोळा केलेल्या अशा संग्रहांत जवळजवळ निम्मा मजकूर इंग्रजी असतो आणि मराठीचा वाटा एका टक्क्याच्याही खूप खाली असतो. कोरेगावविषयीच्या इंग्रजी मजकुराचा फार मोठा भाग जानेवारी 2018 नंतरचा आहे. त्यामुळे दोनशे वर्षांच्या वास्तूचे वर्णन करताना यंत्राच्या तोंडी प्रथम त्या वर्षातील वृत्तपत्रांची आणि वाहिन्यांवरील वादांची भाषा येते. जुन्या काळातील साधनांत आणखी एक विषमता आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांचे अहवाल, गॅझेटियर आणि लष्करी इतिहास इंग्रजीत छापलेले आहेत, स्कॅन झालेले आहेत आणि यंत्राला वाचता येतात. पेशवे दफ्तरातील मोडी कागद मात्र प्रचंड संख्येने पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत; गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली 1930 च्या दशकात त्यांतील निवडक कागदांचे 45 खंड निघाले, पण मूळ संग्रहाचा बहुतांश भाग अजूनही ना छापील आहे ना देवनागरीत उतरवलेला. महार समाजातील मौखिक परंपरा, जलशांतील पदे आणि घराघरांतील आठवणी तर कागदावरच फारशा आलेल्या नाहीत. म्हणजे पेशव्यांची बाजू आणि सैनिकांच्या वंशजांची बाजू, जे आज एकमेकांचे विरोधक समजले जातात ते दोन्ही पक्ष, यंत्राच्या दृष्टीने सारखेच मुके आहेत आणि बोलतो तो फक्त कंपनीचा अधिकारी. एआय वसाहतवादाच्या विरोधात कितीही छान वाक्ये लिहीत असले तरी लढाईचे आकडे, क्रम आणि कोण शूर ठरतो याचा निकाल ते त्या अधिकाऱ्याच्याच कागदावरून देते. हा कल मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण कोणत्याही पक्षाचे लोक त्याबद्दल तक्रार करीत नाहीत.

कोरेगावपासून जवळच असलेल्या वढू बुद्रुकचे उदाहरण आणखी नाजूक आहे. छत्रपती संभाजी महाराजांच्या पार्थिवावर अंत्यसंस्कार कोणी केले, याविषयी तेथे दोन परंपरा सांगितल्या जातात. एका परंपरेत गोविंद गोपाळ महार यांचे नाव येते आणि दुसऱ्या परंपरेत गावातील शिवले घराण्याचे. डिसेंबर 2017 अखेरीस तेथील एका फलकावरूनच तणाव निर्माण झाला होता, म्हणजे फलकावरील ओळीची किंमत काय असते हे वढूच्या लोकांनी अनुभवले आहे. अशा ठिकाणी लेखी पुरावा तोकडा असतो, आणि पुरावा तोकडा असला की एआय गप्प राहत नाही. ते ओघवती, तपशीलवार कथा रचते, तीत रात्रीचे वर्णन येते, संवाद येतात आणि वर्षही येते. अशा स्थळासाठी यंत्राकडून मसुदा घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही परंपरा सांगणाऱ्या लोकांशी बसून बोलावे, कोण काय सांगते हे त्यांच्याच शब्दांत नोंदवावे आणि त्या नोंदीवरून हाताने लिहावे.

आता प्रश्नाच्या सुराबद्दल. ही मॉडेल्स अंतिम टप्प्यात माणसांच्या पसंतीनुसार घडवली जातात. वाचणाऱ्याला जे उत्तर आवडते त्याला अधिक गुण मिळतात. त्याचा परिणाम म्हणून विचारणाऱ्याचे मत ओळखून त्याच्याशी सहमत होण्याची सवय त्यांना लागते, आणि ही गोष्ट संशोधनातून वारंवार दिसून आली आहे. ‘गुलामीचे प्रतीक असलेल्या स्तंभाची माहिती द्या’ असे लिहिणाऱ्याला आणि ‘मुक्तीचे प्रतीक असलेल्या स्तंभाची माहिती द्या’ असे लिहिणाऱ्याला वेगवेगळे स्तंभ मिळतात. प्रत्येकाला आपलेच मत एका अधिकारवाणीच्या तोंडून परत ऐकू येते, आणि ‘एआयनेही हेच सांगितले’ असा दाखला देत तो वादात उतरतो. मराठीतून विचारल्यास गौरवाची आणि आदरार्थी विशेषणांची भाषा अधिक येते, इंग्रजीतून विचारल्यास समाजशास्त्रीय विश्लेषणाची, असेही माझ्या पाहण्यात आहे. त्यामुळे एकाच ऑडिओ गाइडच्या दोन भाषांतील आवृत्त्या दोन स्वतंत्र प्रॉम्प्टवरून (यंत्राला दिलेल्या सूचनांवरून) कधीही तयार करू नका. पर्यटक आणि गावकरी यांना एकाच जागेचे दोन इतिहास ऐकवले जातील.

न्यायालयीन निकालांचा सारांश हा एक वेगळा धोका आहे. अयोध्येच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या खंडपीठाने 9 नोव्हेंबर 2019 रोजी दिलेला निकाल काळजीपूर्वक वाचला तर त्यात पुराव्यांचे थर अतिशय काटेकोरपणे वेगळे ठेवलेले दिसतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या 2003 च्या उत्खननात मशिदीखाली इस्लामी नसलेल्या, बाराव्या शतकातील वास्तूचे अवशेष आढळले, हे न्यायालयाने स्वीकारले. ती वास्तू मशीद बांधण्यासाठी पाडली गेली असा निष्कर्ष सर्वेक्षणाने दिलेला नाही आणि दोन्हींमधल्या सुमारे चार शतकांच्या काळाविषयी पुरावा नाही, हेही न्यायालयाने नोंदवले. जमिनीच्या मालकीचा निर्णय उत्खननावर आधारता येत नाही असे स्पष्ट करून तो ताबा आणि उपासनेच्या पुराव्यांवर दिला. आणि 1949 मध्ये मूर्ती ठेवणे व 1992 मध्ये मशीद पाडणे या दोन्ही कृती बेकायदेशीर ठरवल्या. एआयच्या सारांशात यांतली दोन-तीन विधाने उरतात, आणि कोणती उरावीत हे विचारणाऱ्याच्या कलावर ठरते. एका मसुद्यात ‘मंदिर पाडून मशीद बांधल्याचे न्यायालयाने मान्य केले’ असे येते, दुसऱ्यात ‘न्यायालयाने पुराव्याऐवजी श्रद्धेवर निकाल दिला’ असे येते. निकालपत्रात या दोन्हींपैकी काहीही नाही. निकालाविषयी मतभेद असू शकतात आणि आहेत. पण निकालात काय लिहिले आहे हा मताचा विषय नाही, त्यामुळे तेथे ‘काहींच्या मते’ ही यंत्राची आवडती पळवाटही चालत नाही.

याच पळवाटेबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे, कारण अनेक संपादकांना ती निष्पक्षपणा वाटते. वाद दिसला की यंत्र ‘काही इतिहासकार असे मानतात, तर इतर तसे मानतात’ असे लिहून मोकळे होते. जेथे पुरावा खरोखरच दोन्ही बाजूंना आहे तेथे हे योग्य आहे; जेथे एका बाजूला शिलालेख आणि दुसऱ्या बाजूला समाजमाध्यमावरील संदेश आहे, तेथे असा समतोल म्हणजे संदेशाला शिलालेखाचा दर्जा देणे होय. त्याच्याच जोडीला कर्ता लपवण्याची सवय येते: वास्तू ‘उद्ध्वस्त झाली’, हिंसाचार ‘उसळला’, लोक ‘विस्थापित झाले’. मसुदा तपासताना अशी क्रियापदे वेगळ्या रंगाने खूण करून ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी कोणी केले हे पुराव्यावरून सांगता येते का, ते पाहा.

भारताबाहेरची उदाहरणे थोडक्यात सांगतो. इस्तंबूलमधील हागिया सोफियाविषयी ‘मूळचे चर्च, नंतर मशीद, नंतर संग्रहालय, पुन्हा मशीद’ असा सरळ क्रम यंत्र देते. 537 मध्ये पूर्ण झालेले हे चर्च 1204 ते 1261 या काळात चौथ्या धर्मयुद्धातील लॅटिन ख्रिश्चनांच्या ताब्यात होते, म्हणजे ते बायझन्टाइन ख्रिश्चनांकडून ख्रिश्चनांनीच हिसकावले होते, ही गोष्ट त्या क्रमात क्वचितच येते, कारण ती आजच्या दोन गटांच्या वादात कोणाच्याच उपयोगाची नाही. चीनमध्ये 15 ऑगस्ट 2023 पासून लागू असलेल्या नियमांनुसार जनरेटिव्ह एआय सेवांनी समाजवादी मूलभूत मूल्यांचे पालन करणे बंधनकारक आहे; तेव्हा ल्हासाच्या पोटाला प्रासादाविषयी तेथील सेवेला विचारताना उत्तरामागे कायदा उभा आहे हे गृहीत धरावे. सरकारांच्या कलाला निदान नियमाचा पत्ता असतो. कंपन्यांच्या स्वतःच्या सावधगिरीच्या धोरणांबाबत तेवढीही पारदर्शकता नाही.

चित्रांबाबत मी अधिक कठोर आहे. 2024 च्या फेब्रुवारीत एका मोठ्या कंपनीला ऐतिहासिक प्रसंगांतील माणसांची चुकीची चित्रे तयार झाल्यामुळे माणसांची चित्रे बनवण्याची सोय काही काळ थांबवावी लागली होती. तिथे चूक डोळ्यांना दिसत होती. पडक्या मंदिराचे किंवा मशिदीचे ‘मूळ रूप’ दाखवणारे एआयचे चित्र पाहताना मात्र कळस, कमान, घुमट कोणत्या पुराव्यावरून आले हे कोणालाच कळत नाही, आणि एकदा ते फलकावर चढले की लोकांच्या मनात तेच मूळ रूप ठरते. वारसास्थळांच्या अर्थविवेचनाविषयी आयकोमॉस या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2008 मध्ये स्वीकारलेल्या सनदेत म्हटले आहे की दृश्य पुनर्रचना सविस्तर पुराव्यांवर आधारलेली असावी, तिची साधने नोंदवलेली असावीत आणि त्याच पुराव्यावरून दुसरी पुनर्रचना शक्य असेल तर तीही शेजारी दाखवावी. आजची चित्र-मॉडेल्स यांतली पहिलीच अट पाळू शकत नाहीत. वादग्रस्त स्थळाच्या फलकावर एआयचे पुनर्रचनाचित्र लावू नका.

मग या यंत्राचा उपयोग काहीच नाही का? आहे, पण लेखक म्हणून नाही. स्तंभलेखाची तुम्ही स्वतः उतरवलेली प्रत, गॅझेटियरमधील पाने, तज्ज्ञांकडून देवनागरीत आणलेले मोडी कागद आणि ध्वनिमुद्रित आठवणींच्या संहिता यंत्राला द्या आणि फक्त यांच्याच आधारे बोलायला सांगा. प्रत्येक विधानापुढे ते कोणत्या कागदातून आले हे मागा आणि ते त्या कागदात खरोखर आहे का, हे स्वतः उघडून पाहा, कारण आधार दाखवतानाही यंत्र चुकते. कोणत्या दोन कागदांत आकडे जुळत नाहीत, कोणत्या वर्षांविषयी काहीच साधन नाही, हे शोधण्यात त्याची चांगली मदत होते. तयार झालेला मजकूर परस्परविरोधी मतांच्या वाचकांच्या नजरेने वाचून कोणत्या शब्दावर कोणाचा आक्षेप येईल ते सांग, असेही विचारता येते. तेथे त्याची समोरच्याशी सहमत होण्याची सवयच उपयोगी पडते. त्यानंतर मात्र त्या मतांची खरी माणसे शोधून त्यांना मजकूर वाचायला द्यायलाच हवा. कोरेगावसारख्या ठिकाणी मी फलकावर तीन वेगळे परिच्छेद सुचवेन, प्रत्येकाला स्वतःचा कालखंड आणि स्वतःचा आधार असलेले: 1818 ची लढाई आणि त्या माहितीची साधने, 1821 चा स्तंभ, त्यावरील नावे आणि तो कोणी कोणत्या हेतूने उभारला, आणि 1927 पासूनची अभिवादनाची परंपरा. पेशवे सैन्याचा आकडा द्यायचाच असेल तर तो कोणाचा अंदाज आहे हे त्याच वाक्यात यावे.

शेवटचा प्रश्न उल्लेखाचा होता. उल्लेख अवश्य करावा, पण ‘एआयच्या मदतीने तयार केलेला मजकूर’ एवढ्यावर थांबू नये, कारण त्या वाक्याचा उपयोग बहुधा जबाबदारी झटकण्यासाठी होतो. यंत्राने कोणते काम केले, आधार कोणते वापरले, मजकूर कोणत्या तारखेला तपासला गेला, तो कोणत्या पदावरील अधिकाऱ्याच्या संमतीने लागला आणि आक्षेप कोठे नोंदवायचा, हे फलकाच्या खालच्या कडेला किंवा क्यूआर कोडमागील पानावर असावे. प्रॉम्प्ट आणि मूळ उत्तरे फाइलमध्ये जपून ठेवा. उद्या एखाद्या ओळीवरून वाद झाला तर ती ओळ कोठून आली हे दाखवण्याची वेळ यंत्रावर नाही, तुमच्यावर येणार आहे. आणि तसे करण्यास वरिष्ठ तयार नसतील तर त्या स्थळापुरता एआयचा मसुदा वापरू नये, असे त्यांना लेखी कळवावे.